तंजावरला जायचं ते ऐकायला

बेळगावच्या मराठी घरात तंजावरचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "तिथं आपलं राज्य होतं." कन्नड घरात निघालं तर, "दोड्ड गुडी ऐतल्ला!" आमच्या घरात ही दोन्ही वाक्यं एकाच जेवणात ऐकू येतात. माझं माहेर शहापुरातलं मराठी, सासर धारवाडचं कन्नड. माझे वडील आता आमच्याकडेच असतात आणि सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, त्याही. लेकीला एकाच छताखाली एक आजोबा आणि एक अज्जी मिळाले आहेत, आणि तंजावर हा त्या दोघांच्या वादाचा कायमचा विषय आहे. बाबांना तिथं भोसल्यांचं राज्य दिसतं, अत्तींना तिथून गाणं ऐकू येतं.

आम्ही २०१९ च्या फेब्रुवारीत एकदा जाऊन आलो आणि आता पौषात पुन्हा निघायचं चाललं आहे. ओळखीपाळखीतले बरेच जण विचारतात, 'किती दिवस लागतात? दक्षिणेच्या टूरमध्ये एक दिवस पुरेल ना?' त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. एक दिवस पुरत नाही. एका दिवसात मोठं देऊळ होतं, घाईघाईत राजवाडा होतो, दुकानातून मान डोलावणारी बाहुली घेतली जाते आणि मदुराईची बस पकडली जाते. ज्यासाठी आपल्यासारख्या घरानं इतक्या लांब जावं, ते सगळं राहून जातं.

आधी कधी जायचं ते. आपल्याकडे सहलीचे दोनच हंगाम, दिवाळी आणि मे. तंजावरसाठी दोन्ही वाईट. आपला पाऊस संपतो तेव्हा तिकडचा ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, तो ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. दिवाळीत गेलात तर छत्री घेऊनच देऊळ बघावं लागेल. मे महिन्यात देवळाच्या दगडी फरशीवर अनवाणी चालायचं म्हणजे तव्यावरची भाकरी व्हायची वेळ. शिवाय तेव्हा नदीत पाणी नसतं, नुसती वाळू. कावेरीचं पाणी तंजावरला मेट्टूर धरणातून येतं. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणाचं पाणी रिवाजानुसार १२ जूनला सोडतात आणि २८ जानेवारीला बंद करतात. अर्थात वर सगळीकडे पाऊस झाला असेल तर! म्हणून हवा बरी, नदीत पाणी आणि कानावर गाणं, या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर जानेवारी. पौष वद्य पंचमीला त्यागराजांची पुण्यतिथी असते, तिला तिकडे 'आराधना' म्हणतात. ती इंग्रजी महिन्यानं कधी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते, कधी शेवटच्या. पंचांग पाहूनच रजा टाकावी. मधे संक्रांत, म्हणजे त्यांचा पोंगल, आली तर गाड्यांना मुंगी शिरायला जागा नसते, हेही ध्यानात ठेवावं.

कावेरीचं नाव घेतलं की कर्नाटकातल्या माणसाला जरा सावध व्हावं लागतं. ही नदी आपल्याच कोडगूत तलकावेरीला उगम पावते आणि तिच्या पाण्यावरून दोन राज्यांचं भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये बंगळुरूत बसगाड्या जाळल्या गेल्या तेव्हा दोन्हीकडची वाहनं सीमेवर थांबली होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वाटणी ठरवून दिली, तरी पाऊस कमी झालेल्या वर्षी वातावरण तापतंच. स्वतःची 'केए' नंबरची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी त्या वर्षी पाऊस कसा झाला याची माहिती घेऊन निघावं. बेळगावकरांना हे समजावून सांगायला नको. बाँड्रीच्या भानगडीत इकडची बस तिकडे जात नाही आणि तिकडची इकडे येत नाही, याची आपल्याला सवय आहे. माझे यजमान म्हणतात ते खरं, आपण एका सीमेवरून निघून दुसऱ्या सीमेपलीकडे पाहुणे जातो.

जायचं कसं? आम्ही रेल्वेनं गेलो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी बंगळुरू. मैसूरहून निघून बंगळुरू, तिरुचीमार्गे तंजावर आणि कुंभकोणमकडे जाणारी गाडी संध्याकाळी असते, ती पहाटे तंजावरला सोडते. मधला दिवस बंगळुरूत नातेवाइकांकडे अंघोळ, जेवण आणि झोप. वेळापत्रकं बदलत असतात, तेव्हा तिकीट काढताना पाहून घ्यावं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठच दिवस आधी खुलं होतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर त्या साठाव्या दिवशी सकाळीच बसावं, कारण खालचे बर्थ लगेच संपतात.

गाडीनं जाणाऱ्यांना मात्र एक फायदा आहे. दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे नावाचं खेडं आहे. तिथं शहाजीराजांची समाधी आहे. १६६४ साली शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला तो इथं. शिवाजी महाराजांचे वडील कन्नड मुलखातल्या एका शांत गावात विसावले आहेत, हे आपल्या मुलांना पुस्तकातून कळत नाही. तंजावरची गोष्ट खरी इथूनच सुरू होते. शहाजीराजांची जहागीर बंगळुरूला होती आणि ती त्यांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी, म्हणजे एकोजी, यांच्याकडे आली. तिथून १६७५-७६ च्या सुमारास एकोजींनी तंजावर घेतलं. पुढच्याच वर्षी, १६७७ मध्ये, दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराज आणि त्यांचे हे सावत्र भाऊ कोळ्ळिडम नदीच्या काठी भेटले. भेट काही गोडीगुलाबीत संपली नाही. वडिलोपार्जित वाटणीचा प्रश्न होता. घरोघरी मातीच्या चुली.

तंजावरला पोचल्यावर पहिलं मोठं देऊळ, ते पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी ते काही तास बंद असतं. राजराज चोळानं बांधलेलं हे बृहदीश्वराचं मंदिर १०१० साली पूर्ण झालं, विमानाची उंची दोनशे फुटांच्या वर. गाइड सांगेल की शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. पडते, आम्ही त्या सावलीत बसून पाणी प्यालो. त्यापेक्षा भिंतीवरचे लेख बघायला सांगा. चोळांच्या काळात या देवळात चारशे नर्तकी नेमल्या होत्या, त्यांची नावं, कुठल्या गावच्या देवळातून आल्या, कुणाला कुठलं घर दिलं, सगळं दगडावर कोरून ठेवलं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायकांची नावं! आपल्याकडे चारशे राजांचीही धड मिळत नाहीत.

बाबांना मात्र त्याच आवारातला दुसरा लेख बघायचा होता. प्राकाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला आहे. मराठीत, देवनागरी अक्षरांत. मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. आम्ही २०१९ मध्येच निघालो त्याला कारण होतं. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ती दृष्टी औषधानं धरून ठेवू, गेलेली परत येणार नाही. त्याच रात्री बाबा म्हणाले, "मग तंजावर पुढच्या वर्षावर टाकू नकोस."

ते त्या भिंतीपुढं दोन तास होते. अगदी जवळ जाऊन, मान तिरकी करून, एकेक शब्द लावून वाचत होते. बोट लावायला गेले की राखणदार तमिळमध्ये काहीतरी ओरडायचा, मग हात मागं. तो राखणदारही शेवटी कंटाळून शेजारी येऊन उभा राहिला आणि बाबा काय वाचतात ते ऐकू लागला. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. बाबा मधेच थांबून त्याला कन्नडमधून सांगायला लागले, शहाजी कोण, एकोजी कोण. तो तमिळमध्ये 'आमा, आमा' म्हणत होता. तेव्हा तुम्ही गेलात तर या भिंतीसाठी वेळ ठेवा, आणि घरातल्या ज्या माणसाला जुनं मराठी वाचायची आवड आहे त्याला बरोबर न्या. नुसता फोटो काढून पुढं जाण्यासारखी ही भिंत नाही.

आता माझं स्वतःचं मत सांगते, ते बाबांना अजून पटलेलं नाही. तंजावरच्या मराठ्यांचं मोठेपण राज्यात शोधू नये. लढाया त्यांनी फारशा जिंकल्या नाहीत, अर्काटच्या नवाबाला आणि इंग्रजांना पैसे देता देता त्यांचे हाल झाले. सरफोजींना १७९८ मध्ये गादी मिळाली आणि १७९९ च्या तहानं राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. हातात उरलं ते किल्ल्यापुरतं. १८५५ मध्ये त्यांचा मुलगा शिवाजी वारला, गादीला मुलगा नव्हता, म्हणून तेही खालसा झालं. पण ऐंशी मैलांच्या त्या सुपीक पट्ट्यात या घराण्यानं दीडशेच्या वर वर्षं जे ऐकलं, लिहिलं, गाऊन घेतलं, त्याला तोड नाही.

हे घराणं तमिळ मुलखात राज्य करत होतं, आधीच्या नायकांमुळे दरबाराची भाषा तेलुगू, विद्येची संस्कृत आणि घरात मराठी. त्यांनी यातली एकही सोडली नाही. एकोजींचे पुत्र शहाजी १६८४ ते १७१२ गादीवर होते. त्यांनी तेलुगूत गेय नाटकं लिहिली, मराठीतही लिहिली. त्यांच्या नावावर असलेलं 'लक्ष्मीनारायण कल्याण' १६९० च्या सुमाराचं समजतात. आम्ही वर्गात शिकवतो की मराठी नाटक विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत सुरू केलं. सांगलीचा मान आपल्याला जवळचा, पण तंजावर दीडशे वर्षं आधी. याच शहाजींचं एक नाटक आहे 'पंचभाषाविलास', त्यात पाच भाषांतली पात्रं आपापल्या भाषेत बोलतात. हे मी पहिल्यांदा आमच्या घरी सांगितलं तेव्हा लेक म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी चहाला बसतात तसं."

सरफोजींनी तर मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' लिहिलं. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा प्रकार, भविष्य सांगणारी डोंगरकन्या त्यात येते. तिच्या तोंडून त्यांनी जगाचा भूगोल सांगितला आहे! एका जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला हा राजा, त्यानं १८०५ च्या सुमारास तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय हे याच माणसाचं वेड. पोथ्या नायकांपासून होत्या, पण त्यांनी काशीयात्रेला जाऊनही पोथ्याच जमवल्या. आज तिथं संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी मिळून चाळीस हजारांच्या वर हस्तलिखितं आहेत आणि मोडी दप्तराचे गठ्ठेच्या गठ्ठे. सामान्य पाहुण्याला संग्रहालयाचं दालन तेवढं बघता येतं, ते लहान आहे, तासाभरात होतं. राजवाड्याची बाकीची इमारत पाहून आपल्याकडच्या लोकांची थोडी निराशा होते. चोळकालीन पंचरशी मूर्तींचं दालन सोडलं तर बाकी भराभर पाहिलं तरी चालेल. संगीत महाल मात्र चुकवू नका, आत उभं राहून हळू आवाजात काहीतरी गुणगुणून बघा.

या दरबारानं आपलं कीर्तनही तिकडच्यांना दिलं. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरला आले, त्यांचं कीर्तन ऐकून तिथले गवई थक्क झाले. पुढे तंजावर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाचा साचा आणि कर्नाटकी गाणं एक करून हरिकथेचा नवा घाट घातला. आजही तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं जशीच्या तशी आहेत. आपल्या गावात कीर्तनाला आता चाळीस माणसं जमवताना विश्वस्तांची दमछाक होते, आणि तिकडे दिंडी म्हणजे काय हे पोराला माहीत असतं. असो.

आता अत्तींच्या बाजूचं. अत्ती धारवाडच्या. त्यांचे कान हिंदुस्थानी गाण्यावर पोसलेले, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई, भीमसेन. तंजावरचं गाणं ते नव्हे. तिकडे आलाप कमी, रचना जास्त, मृदंगम् आणि घटम् यांचा जोर. नवख्या माणसाला वाटतं, हे लोक एवढ्या घाईत का आहेत? म्हणून जाण्याआधी महिनाभर घरी थोडं ऐकून कान तयार करावेत. कल्याणी ऐकली की आपला यमन ओळखू येतो. मोहनम् म्हणजे भूप, हिंदोळम् म्हणजे मालकंस, मायामाळवगौळ म्हणजे भैरव, खरहरप्रिया आपल्या काफीच्या स्वरांची. एवढे पाच धरले तरी मांडवात परकं वाटत नाही. आपल्याच भागातल्या एका थोर माणसानं हे आधी केलं आहे. मिरजेचे अब्दुल करीम खाँ मैसूर दरबारी जात, कर्नाटकी गाणं जीव लावून ऐकत, त्यागराजांची एक कृती त्यांनी ध्वनिमुद्रित केली आहे. १९३७ साली त्यांचा अंतही तिकडेच झाला, मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनावर. मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाला जाणाऱ्या रसिकांनी एकदा तंजावरला जायला हरकत नाही.

मिरजेवरून आठवलं, तंजावरची वीणा कशी करतात ते जरूर बघावं. मिरजेला तंबोरा भोपळ्याचा. इथं वीणा फणसाच्या लाकडाची, आणि उत्तम वीणा एकाच अखंड ओंडक्यातून कोरून काढतात, तिला 'एकांड वीणा' म्हणतात. पडदे चोवीस. कारागिराला कामात त्रास न देता बाजूला उभं राहिलं तर बहुतेक जण बघू देतात.

तंजावरपासून तिरुवैयारू तेरा-चौदा किलोमीटर. हा रस्ता मला सगळ्या प्रवासात सर्वांत आवडला. एकामागून एक पूल लागतात, वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. पाच नद्या, म्हणून गावाचं नाव 'तिरु-ऐ-आरू'. दोन्ही बाजूंना भातशेती. इथंच त्यागराज १७६७ ते १८४७ या आयुष्याचा बहुतेक काळ राहिले. मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे त्यांचे समकालीन, आणि गंमत म्हणजे तिघांचाही जन्म जवळच्या तिरुवारूरचा, तिघंही तंजावरच्या भोसल्यांच्या अमलातले. सरफोजींनी त्यागराजांना दरबारी बोलावलं आणि त्यांनी नम्रपणे नाकारलं, अशी आख्यायिका आहे. बाबांना ही आख्यायिका आवडत नाही, अत्तींना फार आवडते.

अत्तींना तिरुवैयारूला जायचं होतं ते त्यागराजांनी पुरंदरदासांना मान दिला म्हणून. दासांची पदं त्या रोज पूजेच्या वेळी म्हणतात, आणि कर्नाटकी गाण्याचे पहिले धडे दासांनीच घालून दिले असं तिकडेही मानतात. पण तिथं गेल्यावर त्या रमल्या वेगळ्याच बाईंपाशी. त्यागराजांची समाधी नदीकाठी आहे आणि तिच्याकडे तोंड करून, हात जोडून बसलेल्या एका स्त्रीची मूर्ती आहे. ती बंगळूर नागरत्नम्मा यांची. त्यांचा जन्म १८७८ चा, मैसूरजवळच्या नंजनगूडचा. जन्मानं देवदासी, मद्रासमधल्या आपल्या काळच्या नामांकित गायिका. समाधीची दुरवस्था कळली तेव्हा त्यांनी स्वतःची मिळकत खर्चून जागा घेतली, मंदिर बांधलं, त्याची प्रतिष्ठा झाली. आणि आराधनेत मात्र बायकांना गायला बंदी. पुरुषांचे दोन तट होते, मोठा आणि धाकटा, ते आपापसात भांडत आणि बायकांना वगळण्याबाबत एकमत. नागरत्नम्मांनी बायकांचा तिसरा तट काढला आणि समाधीच्या मागच्या बाजूला त्यांचं गाणं सुरू केलं. १९४० च्या सुमारास तिन्ही तट एक झाले. १९५२ मध्ये त्या वारल्या. आज पंचमीच्या सकाळी शेकडो गायक-गायिका समोरासमोर बसून त्यागराजांच्या पाच रत्नकृती एका सुरात गातात, नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांत, त्यात निम्म्या तरी बायका असतात.

आमची लेक तेव्हा सातवीत होती. देवदासी हा शब्द तिनं सौंदत्तीच्या संदर्भात ऐकलेला. तिनं तिथंच विचारलं, "देऊळ यांनी बांधलं, मग यांनाच का गाऊ देत नव्हते?" अत्तींनी उत्तर दिलं नाही. त्या पायऱ्यांवर बसल्या आणि दासांचं एक पद हळू आवाजात म्हणू लागल्या. गर्दीचा दिवस नव्हता, कुणी अडवलं नाही. एक पोक्त तमिळ बाई शेजारी येऊन बसल्या आणि दुसऱ्या कडव्यापासून बरोबर गायला लागल्या. कन्नड पद, तमिळ उच्चार. बाबा लांब उभे होते, ते जवळ येऊन बसले.

नागरत्नम्मांचा आणखी एक धागा मराठ्यांपर्यंत जातो. प्रतापसिंह राजांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती. तिचं तेलुगू शृंगारकाव्य नागरत्नम्मांनी १९१० मध्ये शोधून छापलं, सरकारनं अश्लील म्हणून त्यावर बंदी घातली, ती १९४७ मध्ये उठली. भोसल्यांच्या दरबारातली तेलुगू कवयित्री, तिला पुन्हा उजेडात आणणारी कन्नड गायिका, सगळं घडलं तमिळ मुलखात. आमच्या मराठीच्या अभ्यासक्रमात यातलं काही बसत नाही, कारण कुठल्या भाषेच्या तासाला शिकवायचं हेच ठरत नाही.

भाषेवरून एक उपयोगाची गोष्ट. घरात कन्नड असेल तर तमिळ अर्धीमुर्धी आपोआप येते. आपला 'ह' तिकडे 'प' होतो, एवढं मुलांना सांगून ठेवा. हालु म्हणजे दूध, ते पाल. हूवु म्हणजे फूल, ते पू. हत्तु म्हणजे दहा, ते पत्तु. आमच्या लेकीनं दुसऱ्या दिवसापासून दुकानात भाव करायला सुरुवात केली. आणि तंजावरची मराठी कानावर पडली तर हसू नका. तीनशे वर्षं तमिळच्या शेजारात राहिलेली ती बोली आहे, चाल तमिळची आणि शब्द कधीकधी आपल्या पणजीचे. बेळगावची मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात तेव्हा आपल्याला कसं वाटतं!

खाण्याची काळजी नाही. सांबाराचा शोध तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात लागला, संभाजींच्या नावावरून सांबार, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक हॉटेलात ऐकवतील. गोष्ट म्हणून ऐकावी आणि वाढून घ्यावं. तिरुवैयारूला मुगाच्या डाळीचा 'अशोका' हलवा मिळतो, तो घरी नेण्यासारखा. दिवस असेल तर कुंभकोणम आणि दारासुरम करावं, चाळीस किलोमीटरच्या आत आहेत.

आता यंदाचा बेत. आराधनेचा उत्सव साधारण पाच दिवसांचा. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत एकामागून एक कलाकार थोडा थोडा वेळ गाऊन जातात, नामवंतही आणि नवखेही, ऐकायला तिकीट नाही. तिरुवैयारूत त्या दिवसांत राहायची सोय मोजकीच, म्हणून मुक्काम तंजावरात स्टेशनजवळ आणि ये-जा बसनं किंवा रिक्षानं. पंचमीच्या सकाळी गर्दी फार, पहाटेच जागा धरावी लागते आणि खाली बसावं लागतं. अत्तींचे गुडघे आणि बाबांचे डोळे. बाबांना आता समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, आवाजावरून ओळखतात. माझे यजमान म्हणत होते, आधीचे दोन-तीन दिवस संध्याकाळची गाणी निवांत ऐकू आणि पंचमीला हॉटेलात टीव्हीवर बघू. मलाही ते शहाणपणाचं वाटलं होतं. अत्तींनी सरळ सांगितलं, टीव्ही इथं घरी आहे.

शेवटी ठरलं ते असं. आधी दोन दिवस पोचायचं, एक दिवस पूर्ण विश्रांती. पंचमीला अत्ती आणि लेक पहाटे मांडवात जातील, लेकीनं वर्षभर पाचांपैकी आरभी रागातली कृती बसवली आहे, तेवढी तरी ती म्हणणार. यजमान त्यांच्या मागं घडीचं स्टूल घेऊन. मी बाबांना घेऊन नदीच्या घाटावर बसेन, कर्ण्यांचा आवाज तिथपर्यंत येतो आणि गर्दीचा रेटा नाही. बाबांना विचारलं, "लांबून चालेल ना? मोठ्या देवळातल्या भिंतीकडे जायचं का या खेपेला?"

"भिंत वाचून झाली," ते म्हणाले. "घाटाच्या पायऱ्या किती आहेत, तेवढं आधी मोजून ठेव."